तारखेचं चाक आणि पोळ्याची अमावस्या

मंडळी, देवरीत कालगणनेवर बोलायचं तर एक सोय आहे. हमरस्त्यानं पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात छत्तीसगड. आपला पोळा श्रावण अमावस्येला. तिकडे तोच पोळा, त्याच दिवशी, पण भादोच्या अमावस्येला! आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला.

हे मनगटी घड्याळात बसवता येईल का? नाही. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते; दातेरी चाकाला ते जमत नाही. त्याला फक्त मोजता येतं, तेही 31 पर्यंत.

1961 मध्ये एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरूला घड्याळं काढली. घरोघरची ‘जनता’ चावीची, तारखेविना. वार-तारखेची मॉडेलं वेगळी. काहींत वार हिंदीत आणि इंग्रजीत. म्हणजे वाराच्या चकतीवर 14 नावं, आणि रोज रात्री ती दोन घरं सरकते.

असं घड्याळ उघडायचं कसं? काटे काढण्याआधी तारीख उलटेल तिथपर्यंत ते फिरवून घ्यायचे. मग स्प्रिंगचा ताण सोडायचा, चावीची दांडी काढायची, काटे, तबकडी. खाली वाराची चकती, बारीक क्लिपनं अडकवलेली. तिच्याखाली झाकणपट्टी, आणि पट्टीखाली खरा चोर: तारखेच्या चाकाला दाबून धरणाऱ्या खटक्याची केसासारखी स्प्रिंग. बोटानं दाबून न धरता पट्टी उचलली, की ती उडाली. मग सतरंजी झाडत बसा. ती निघाली की 31 दातांचं कडं हातात येतं. त्याला ढकलणारं चाक 24 तासांत एकदा फिरतं आणि एकच दात पुढे सरकवतं. म्हणून रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हातानं बदलू नये. दात अडकलेले असतात, तुटतात. जोडताना तारीख उलटली त्या क्षणी काटे बारावर बसवायचे, नाहीतर ती भरदुपारी बदलेल.

इंग्रजी वर्षात हे कडं पाच वेळा हातानं पुढे घ्यावं लागतं. मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेलं राष्ट्रीय पंचांग 22 मार्च 1957 ला, म्हणजे 1 चैत्र शके 1879 ला सुरू झालं. त्यात वैशाख ते भाद्रपद 31 दिवसांचे, बाकी सात महिने 30 चे (लीप वर्षी चैत्रही 31 चा). म्हणजे हेच कडं चाललं असतं, सात वेळा ढकलून. पण ते आकाशवाणीवर आणि राजपत्रावर राहिलं, मनगटावर आलं नाही. मला वाटतं, यात दोष पंचांगाचा नव्हे. पगार एक तारखेला होत होता.

जानेवारी 2016 मध्ये केंद्रानं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. आता स्प्रिंग हरवली तर दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातूनच काढावी लागते. घरी असं एखादं असेल तर भंगारात देऊ नका. दुरुस्तीवाल्याला दाखवा, आणि तो पट्टी उचलतो तेव्हा जरूर बघा.