दगडावरची नावं

आपल्या शीळफाट्यापासून जवळच, अंबरनाथला काळ्या दगडाचं शिवमंदिर आहे. शके 982 चं, म्हणजे इ.स. 1060 चं. तिथल्या शिलालेखात शिलाहार राजा मम्वाणीचं नाव कोरलंय.

दूर कंबोडियात ख्मेर राजा सातवा जयवर्मन यानं 1186 मध्ये ता प्रोह्म मंदिर आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलं. झाडांच्या मुळांनी वेढलेल्या त्या मंदिराच्या डागडुजीला आपल्या पुरातत्त्व खात्यानंही हातभार लावला. तिथल्या लेखात देवळाच्या सेवेतल्या 615 नर्तकींची मोजदाद आहे. राजाचं नाव, बायांचा आकडा!

महाशिवरात्रीला अंबरनाथला जाल, तेव्हा हे आठवा. आणि गटाच्या वहीत ‘हजर बारा’ एवढंच लिहू नका. बाराजणींची नावं लिहा.