मागचे सस्पेन्शन आर्म : जुन्या मोटारीत बदलणे

सस्पेन्शन आर्म म्हणजे मागच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा पोलादी भाग. तो चाकाला वरखाली हलू देतो. पुढेमागे किंवा आडवे सरकू देत नाही. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांत हे काम पाटेच (लीफ स्प्रिंग) करीत. पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेल्या टाटा इंडिकात (१९९८ ते २०१८) मात्र मागची दोन्ही चाके स्वतंत्र असून प्रत्येक चाक एकेका तिरकस आर्मवर तोललेले असते. रायगडच्या किनारपट्टीवर आजही चालणाऱ्या जुन्या इंडिकांत हा भाग हमखास काम काढतो.

आर्म सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो आणि मध्ये रबरी बुश असतो. खड्ड्यांनी बुश फाटतो; पळस्पे-इंदापूर टप्प्याचे काम २०११पासून रेंगाळलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर खड्ड्यांना तोटा नाही. पण अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात खरा शत्रू मीठ आहे. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पत्र्यावर बसलेले मीठ ओलावा शोषून स्वतःच विरघळते. किनाऱ्यावर अशी हवा पावसाळ्याबाहेरही रात्री असतेच. त्यामुळे उभ्या गाडीलाही गंज चढत राहतो, आणि धाव कमी म्हणून आर्म चांगला असेल असे इथे धरता येत नाही.

बुश गेला की चाकाचा वरचा भाग आत कलतो, टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, खड्ड्यात मागून ठोका ऐकू येतो आणि ब्रेक लावताना गाडीची मागची बाजू डळमळते. आर्म सुस्थितीत असेल तर प्रेसवर नुसते बुश बदलून भागते. पत्र्याला पापुद्रे सुटले असतील, तर पूर्ण आर्मच बदलावा, आणि दोन्ही बाजूंचा. आर्म जेथे बसतो ते ब्रॅकेट आधी तपासणे सर्वांत महत्त्वाचे. तेच कुजले असेल, तर नवा आर्म घालणे धोक्याचे आहे.

गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. सांगाड्याखाली घोड्या लावाव्यात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडण्यापूर्वी आर्मला खालून जॅकचा आधार द्यावा. ब्रेकची नळी व हँडब्रेकची केबल सोडावी लागते, म्हणून शेवटी ब्रेकमधली हवा काढणे आलेच. किनाऱ्यावरच्या गाडीत बोल्ट बुशच्या आतल्या नळीशी गंजून एकजीव झालेला असतो. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशीच मारून ठेवावे. तापवण्याचा मोह मात्र टाळावा. इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या जवळच असतात. तेलाने सुटलाच नाही, तर बोल्ट कापून नवा घालणे बरे.

एक चूक फार सर्रास होते: चाक लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळणे. बुशचे रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटलेले असते आणि पीळ घेऊनच काम करते. गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेले राहते आणि अल्पावधीत फाटते. म्हणून बोल्ट आधी हलके लावावेत आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावरच त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट तपासावे.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. एमएच ०६ पासिंगच्या गाड्यांसाठी हे काम पेणच्या परिवहन कार्यालयाकडे असते. आर्मचे काम त्याआधी उरकावे. नव्या आर्मला बसवण्यापूर्वीच गंजरोधक लेप द्यावा, आणि नागाव किंवा काशीदच्या वाळूत गाडी उतरलीच, तर त्याच दिवशी ती खालून गोड्या पाण्याने धुवावी.