हाडांची लॉग फाइल

"पूर्वीची माणसं कशी ठणठणीत असायची!" हे वाक्य आमच्या आजीकडून आठवड्यातून एकदा तरी ऐकावंच लागतं. परवा रविवारी काटोल रोडकडच्या जुनापाणीला, नागपूरच्या अगदी जवळची महापाषाणकालीन शिळावर्तुळं बघायला गेलो, तेव्हाही तेच डोक्यात आलं. खरंच ठणठणीत होती का ही माणसं?

याचं चांगलं उत्तर मिळतं ते पुणे जिल्ह्यात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. सोबत २०० हून जास्त दफनं, त्यातली बहुतेक लहान मुलांची. मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ. आणि हे सगळं राहत्या घराच्या जमिनीखाली!

सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला. यातली मूळ युक्ती साधी आहे. दात ठरावीक क्रमाने येतात, उपासमारीतही त्यांचं वेळापत्रक फारसं बिघडत नाही. हाडांची वाढ मात्र खुंटते. म्हणजे दात दोन वर्षांचे आणि मांडीचं हाड वर्षाच्या बाळाएवढं असेल, तर पोराचे हाल झाले होते. गावाच्या शेवटच्या काळात शेती ढासळली तशी मुलांची वाढही खालावली, असं ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या पुस्तकात मांडलंय.

पण एक गोम आहे. लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सिस्टीम ठीक होती असं नाही. लिहायच्या आधीच क्रॅश झाली असेल. हाडांचंही तसंच. राजस्थानातल्या बालाथलच्या चार हजार वर्षं जुन्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा मिळाल्या, कारण तो रोग वर्षानुवर्षं चालतो. पटकीने माणूस एक-दोन दिवसांत गेला, तर हाडांना पत्ताही लागत नाही. म्हणजे खुणा असलेला माणूस निदान काही काळ तरी झुंजला. स्वच्छ हाडांचा कदाचित तेवढाही टिकला नाही.

घरी येऊन आजीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आम्ही सात भावंडं होतो रे. मोठी झालो चारच."

असो. ठणठणीत म्हणून आपल्याला आठवतात, ती त्या चारांतली.