काटकसरीचें एंजिन

क्रांत्या घडवितात त्या लढाया आणि राजकारणें, असें आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहों. परंतु कधीं कधीं जमाखर्चाच्या वहींतील एक ओळही तेंच कार्य करिते. मालगाडी ओढणाऱ्या डीझेल एंजिनाची कथा अशाच एका ओळीची आहे.

वाफेच्या एंजिनाचें वैभव डोळ्यांत भरणारें खरें; पण तें मोठें उधळें. कोळशांतील शक्तीचे शेंकडा दहा हिस्सेही सामान्यतः गाडी ओढण्याच्या कामीं येत नसत; बाकीची शक्ति धुराबरोबर आणि वाफेबरोबर वाया जाई. रूडोल्फ डीझेल या जर्मन एंजिनियरास ही उधळपट्टी सलत होती. त्याच्या यंत्रांत हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्याच उष्णतेनें आंत सोडलेलें तेल पेट घेतें. ठिणगी लागत नाहीं. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें प्रोफेसर श्रोटर यांनीं या यंत्राची परीक्षा घेतली, तेव्हां इंधनांतील शेंकडा सुमारें २६ हिस्से शक्ति कामास आल्याचें आढळून आलें.

मात्र उभी गाडी हालविणें या यंत्राला साधत नाहीं. आधीं तें स्वतः फिरत असलें पाहिजे. म्हणून त्याला चाकांशीं न जोडतां वीज उत्पन्न करावयास लावावें आणि त्या विजेनें चाकांवरील मोटारी फिरवाव्यात, अशी योजना निघाली. या योजनेची खरी कसोटी अमेरिकेंत लागली. जनरल मोटर्सच्या मालकीच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीनें १९३९ च्या अखेरीस ‘एफ्‌टी’ नांवाचें मालगाडीचें एंजिन रुळांवर आणलें. त्याचे भाग चार. प्रत्येकांत १६ सिलिंडरांचें, १,३५० अश्वशक्तीचें यंत्र. एकूण ५,४०० अश्वशक्ति, आणि चालक मात्र एकच! सुमारें वर्षभरांत त्यानें २० रेल्वेंच्या मार्गांवर ८३,७६४ मैलांचा प्रवास केला. सांता फे रेल्वे त्याची पहिली गिऱ्हाईक झाली, यांत नवल नाहीं. तिच्या वाळवंटी मार्गावर कित्येक ठिकाणीं पाणीसुद्धां टाक्या भरून गाडीनें न्यावें लागे. म्हणजे पाण्यासाठींच इंधन जाळावयाचें! पुढें अवघ्या वीस वर्षांत अमेरिकेच्या मुख्य मार्गांवरून वाफेचें एंजिन जवळजवळ नाहींसें झालें.

त्याबरोबर बॉयलर दुरुस्त करणारे कारागीर, कोळसा-पाणी भरणारे मजूर आणि त्यांच्या जिवावर उभीं राहिलेलीं लहान गांवें यांचाही आधार गेला. येथें आम्हांस मोठा दैवदुर्विलास दिसतो. मोठ्या कारखान्यांपुढें हतबल झालेल्या लहान कारागिराच्या हातीं स्वस्त शक्ति यावी, हा डीझेलचा एक हेतु होता. १९१३ सालीं इंग्लंडला जातांना तो बोटीवरून नाहींसा झाला. त्याच्या यंत्रानें पुढें सर्वांत मोठी सेवा केली ती बड्या कंपन्यांची.

आपल्याकडे १९६४ सालीं वाराणसीच्या कारखान्यांतून अमेरिकन नमुन्यावर बांधलेलें पहिलें डीझेल एंजिन बाहेर पडलें. आज त्याच कारखान्यांत विजेचीं एंजिनें बनतात. म्हणजे डीझेलवरही तीच पाळी आली. बचत व्हावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण ती कोणाच्या खातीं जमा झाली आणि कोणाच्या नांवें पडली, हें पाहिल्यावांचून इतिहासकारानें वही मिटूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.