गुणवत्ता, अडथळे आणि महार रेजिमेंट

वसई-विरारची मॅरेथॉन जवळ आली की आमच्याकडे नाक्यानाक्यावर धावण्याच्या गप्पा रंगतात. त्यात एक वाक्य हमखास येतं : "इथे आरक्षण चालत नाही, इथे फक्त गुणवत्ता!" याचा समाचार इतिहासानेच घ्यायला हवा.

अविनाश साबळे घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटर लांब, जाणं-येणं बऱ्याचदा पळतच. गुणवत्ता तेव्हाही अंगात होतीच की! पण ती कोणाला दिसली? बारावीनंतर पोर पोटासाठी सैन्यात गेलं, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला नोकरी, राजस्थानला नोकरी. सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत तो २०१५ ला उतरला, म्हणजे विशीनंतर. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवलं आणि २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

आता ही रेजिमेंट आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चं खूळ काढलं आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या त्यांच्या फौजेत रक्त सांडलं, त्या महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक, त्यांनी अर्ज केले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही याच दाराशी झगडले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरताच १९२१ ला मोडली. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. (आज तिथे अनेक जातींचे जवान आहेत. रेजिमेंटच्या नावावरून कुणाची जात हुंगत बसू नये.)

एका अर्जाची, एका लढ्याची वाट अशी धावपट्टीपर्यंत जाते. संस्था नसती तर मांडव्याचा पोरगा भट्टीवरच राहिला असता.

अमेरिकेतही हेच. एडविन मोझेस हा ४०० मीटर अडथळ्यांचा बादशहा, १९७७ ते १९८७ सलग १२२ शर्यती जिंकलेला. तो अटलांटाच्या मोअरहाऊस या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकला. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी! कॉलेजला स्वतःचा ट्रॅकही नव्हता. तरी ते कॉलेज १८६७ पासून उभं होतं, म्हणून १९७६ चं ऑलिम्पिक सुवर्ण आलं. बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते काय उगाच?

एक फरक मात्र ध्यानात घ्या. मोझेसचा अडथळा पाय लागला तर पडतो. स्टीपलचेसचा पडत नाही, माणूस पडतो. असे २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या.

बर्मिंगहॅम, ६ ऑगस्ट २०२२. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाचीच. साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला, रौप्य घेऊन. पुढे फक्त केनियाचा अब्राहम किबिवोट होता, ०.०५ सेकंदांनी. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.