भांडीबाजारातले एक आयुष्य

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. नाशिकपुरते बोलायचे तर पेशव्यांच्या काळातला सरकारवाडा आठवतो, 1909 मध्ये विजयानंद नाट्यगृहात झालेला जॅक्सनचा वध आठवतो. पण याच जुन्या गावात, गोदावरीच्या काठच्या भांडीबाजारात, तांब्या-पितळेची दुकाने पिढ्यान् पिढ्या चालली. त्या दुकानदारांचा इतिहास कोणी लिहिला? त्यांचे पुतळे नाहीत आणि चरित्रेही नाहीत.

म्हणून आज अशा एका दुकानदाराचे आयुष्य आपण डोळ्यांसमोर आणू. त्यांचे नाव शोधू नका. अशी माणसे या बाजारात अनेक होऊन गेली. समजा, त्यांचा जन्म 1922 चा. त्यांना आपण आजोबा म्हणू.

त्यांच्या लहानपणी गावातून नाशिकरोड स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम होती. 1889 मध्ये सुरू झालेली ही ट्राम 1930 नंतर थोड्याच वर्षांत बंद पडली. आजोबा आठ वर्षांचे असताना, 2 मार्च 1930 रोजी, काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटावर आली आणि तिथे सभा झाली. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या मुलाला त्यातले किती कळले असेल? पण एवढी माणसे एकाच मागणीसाठी रस्त्याने जाताना त्याने पाहिली असतील आणि वडीलधाऱ्यांची त्यावरची बोलणीही ऐकली असतील. इतिहास घरात शिरतो तो असा.

आता धंद्याकडे वळू. तांबट पत्रा ठोकून भांडे घडवायचा, मठारायचा. त्या ठोक्यांनी बाजार जागा व्हायचा. लग्नसराईत हंडा, कळशी, परात, घंगाळ आणि समई यांना मागणी असे. स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई लागे. कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन भट्टी पेटवून बसे. दुसरे गिऱ्हाईक यात्रेकरूंचे. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडावर स्नान झाले की परगावचा माणूस गंगेचे पाणी गडूत भरून, तोंडाला डाक लावून घरी नेई. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ म्हणजे तर मोठा हंगाम. 1956, 1968, 1980, 1991 आणि 2003 असे पाच सिंहस्थ आजोबांनी दुकानात बसून पाहिले, असे धरायला हरकत नाही.

ज्या नदीने गिऱ्हाईक दिले, तीच नदी दुकानातही शिरत असे. पावसाळ्यात या बाजाराची नजर दुतोंड्या मारुतीकडे असते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की कमरेला, यावर माल हलवायचा की थांबायचे हे ठरते. पाणी छातीशी आले की सराफ बाजार आणि भांडीबाजार सावध होतात. पलीकडच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा हे त्याहून मोठ्या पुराचे माप. गंगापूर धरण 1965 मध्ये पूर्ण झाले. आता पूर येणार नाही, असे तेव्हा कित्येकांना वाटले असेल. चारच वर्षांनी, 1969 चा महापूर आला. पुढे 2008, 2016 आणि 2019 मध्येही पाणी बाजारात आले.

भांडे बुडाले तरी गाळ धुऊन, चिंचेने घासून ते पुन्हा विकता येते. पण खतावणी बुडाली तर उधारी बुडते. कोणाकडे किती येणे, कोणाच्या मुलीच्या लग्नात किती माल गेला, हे सारे त्या लाल वह्यांत असे. शाई पाण्यात विरघळली की मागे उरायची ती फक्त दुकानदाराची आठवण. म्हणूनच या बाजारात म्हाताऱ्या माणसाला मोल होते. गल्ल्यावर मुलगा बसला तरी शब्द म्हाताऱ्याचाच चाले.

पुढे स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई नको, घासायला सोपे, वजनाला हलके. घरोघरच्या बायकांचे कष्ट त्याने कमी केले, हे मान्य करायलाच हवे. पण माळ्यावरचे पितळ भराभर मोडीत निघाले. लोक हंडे घेऊन येत, मोडीच्या भावाने देत आणि स्टीलचे डबे घेऊन जात. तोच दुकानदार एका हाताने जुने विकत घेई आणि दुसऱ्या हाताने नवे देई.

या मोडीबरोबर आणखी एक गोष्ट वितळली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. कोणी, कोणाला, कोणत्या लग्नात दिले आणि कोणत्या साली, हे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असे. ज्या बायकांचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते, त्यांचे नाव कळशीच्या काठावर होते. ताम्रपट जपून ठेवावेत हे आपल्याला शाळेत शिकवतात. घरातली कळशी हाही एक लहानसा ताम्रपटच आहे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

2008 च्या पुराच्या वेळी आजोबा शहाऐंशी वर्षांचे असते. त्यांच्या पिढीतली माणसे आता जवळजवळ राहिलेली नाहीत. पण त्यांची मुले सत्तरीच्या घरात आहेत. 1969 चे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे दाखवणारी बोटे अजून आहेत. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. घरातले जुने भांडे मोडीत देण्यापूर्वी ते उजेडात धरा, त्यावरचे नाव वाचा आणि ते साल वहीत टिपून घ्या. गावाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला उद्या तीच नोंद उपयोगी पडेल.