आई-वडिलांचा जुना कॉम्प्युटर बदलायचाय? दुकानात जाण्याआधी एवढं वाचा

आटपाडी, प्रतिनिधी : आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर या भागातली पोरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली आणि गावात आई-वडील राहिले, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. यातल्या बऱ्याच घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर अजून चालू आहे. कुणी निवृत्त गुरुजी त्यावर पेन्शन आणि बँकेचं बघतात, कुणी सोसायटीची पत्रं टाईप करतं, कुणाची आई बचत गटाचा हिशेब ठेवते, आणि रविवारी नातवंडांशी व्हिडिओ कॉल असतो.

आता अडचण अशी, की मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेची दुरुस्ती येणं थांबतं. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकला जातो, तिथं हा धोका छोटा नाही. म्हणून ही माहिती एका जागी.

आधी काम विचारा, मग मशीन

पोरं स्वतःच्या कामाच्या हिशेबानं मशीन घेतात आणि वडील ते झाकून ठेवतात. आधी त्यांच्याजवळ बसा आणि ते रोज काय काय उघडतात ते लिहून काढा. ऑनलाइन सातबारा, बँक, ईमेल, यूट्यूबवर कीर्तन, व्हिडिओ कॉल, थोडं टायपिंग. यादी बहुतेक एवढीच निघते. एवढ्याला महागडं मशीन लागत नाही.

फक्त हयातीच्या दाखल्यासाठी कॉम्प्युटर घेत असाल तर थांबा. पेन्शन देणारं कार्यालय 'जीवन प्रमाण' स्वीकारत असेल, तर तो दाखला आता अँड्रॉइड मोबाईलवर चेहरा दाखवूनही निघतो.

बदलायची खरंच गरज आहे का?

मशीन संथ झालंय म्हणजे संपलंय असं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. तिथं एचडीडी लिहिलं असेल तर संथपणाचं मूळ बहुधा तेच. त्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम 8 जीबी केली, तर जुनं मशीन उठून पळायला लागतं. तालुक्याच्या दुकानात हे काम तास-दोन तासांचं आहे.

पण मशीन विंडोज 11 घेईल का, ते आधी बघा. त्याला टीपीएम 2.0, किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' मोफत आहे, ते हो किंवा नाही स्पष्ट सांगतं.

'नाही' आलं तर दोन वाटा. एक, विंडोज 10 च्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव घालणं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती मोफत मिळते, पण 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. म्हणजे ही फक्त सवड आहे. दुसरी वाट, लिनक्स मिंट किंवा क्रोम ओएस फ्लेक्स. दोन्ही फुकट आहेत, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल चालतात. मात्र अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल किंवा विंडोजचं एखादं सॉफ्टवेअर लागत असेल तर ही वाट धरू नका.

नवं की रिफर्बिश्ड?

सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतो. सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी असं लिहिलेलं दिसलं की पुढं सरका. 64 जीबी ही विंडोज 11 ची किमान गरज आहे, दोन-चार अपडेट आले की जागा संपते.

त्याच पैशात कंपन्यांनी वापरून काढलेला, नीट केलेला ऑफिस डेस्कटॉप चांगला. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर या मालिका दणकट आहेत आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी एवढं मागा. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून तीन दुकानांत विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मिरज, सांगली, कोल्हापूरला विचारा. मुंबईला कुणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोड आहेच. पण बिघडलं तर परत नेणार कोण, हा हिशेब धरूनच दुकान ठरवा.

'आय-7 आहे' ऐकून भुलू नका

जुनं मशीन विकताना आय-7 चं स्टिकर पुढं करतात. खरी गोष्ट त्याच्या पुढच्या आकड्यात असते. आय-5 8500 मधला 8 म्हणजे आठवी पिढी, 10400 मधला 10 म्हणजे दहावी. तिसऱ्या पिढीच्या आय-7 पेक्षा आठव्या पिढीचा आय-3 या कामाला बरा. एएमडी रायझन असेल तर 3000 मालिका किंवा पुढची बघा.

पैसे देण्याआधी दुकानातच हे करा :

- सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये प्रोसेसर आणि रॅम स्वतः वाचा.
- ॲक्टिवेशनमध्ये विंडोज 'ॲक्टिव्ह' आहे का बघा. पायरेटेड विंडोज घेऊ नका.
- सगळी यूएसबी, आवाज, वायफाय चालवून बघा. डेस्कटॉपला वायफाय आणि कॅमेरा बहुधा वेगळा घ्यावा लागतो.
- लॅपटॉप असेल तर चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा.
- पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या.

लाईट जाते, मग लॅपटॉप घ्यावा का?

आपल्याकडं हा प्रश्न पहिला येतो. लॅपटॉपला बॅटरी असते हे खरं. पण साठीनंतर 14 इंची पडदा आणि बारीक बटणं डोळ्यांना, मानेला त्रास देतात. एका जागी बसूनच काम होत असेल तर 22 किंवा 24 इंची मॉनिटर आणि छोटा डेस्कटॉप बरा. सोबत 600 व्हीएचा यूपीएस घ्या. त्यावर काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही. लॅपटॉपच घ्यायचा ठरलं तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडून द्या.

जुने फॉन्ट, जुना प्रिंटर

हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गुरुजींची वीस वर्षांची पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असतात. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात. म्हणून जुन्या मशीनमधले फॉन्ट आणि फाईली आधी पेनड्राईव्हवर घ्या. नवीन टायपिंग मात्र युनिकोडमध्येच सुरू करा. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत. जुना प्रिंटर विंडोज 11 वर चालतो का, ते कंपनीच्या साईटवर आधीच बघा.

देताना मांडून द्या

अक्षरं मोठी करा, माऊसचा बाण मोठा करा. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग उघडतं, ते शिकवा. जुन्या पडद्यावर जी चिन्हं जिथं होती तिथंच ठेवा, कारण त्यांच्या हाताला जागा पाठ असते. रोजच्या वापराला साधं खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा. मदत लांबून करायची तर विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहेच.

पण इथंच एक गोष्ट पक्की सांगा : घरच्या माणसाशिवाय कुणालाही स्क्रीनचा ताबा द्यायचा नाही. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं पडद्यावर आलं तर फोन करायचा नाही, मशीन बंद करायचं. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार द्यायची. हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. आणि बोलणं खाऊ नका, रागावू नका. पोरगं ओरडेल या भीतीनं आई-वडील फसवणूक लपवतात आणि पैसे अडवायची वेळ निघून जाते.

जुनं मशीन भंगारात देताना

त्यातल्या डिस्कमध्ये आधार, पासबुक, फोटो सगळं असतं. फाईल डिलीट केली म्हणजे गेली असं नसतं. डिस्क काढून घरी ठेवा, नाहीतर दुकानात समोर उभं राहून पुसून घ्या. नवं मशीन महिनाभर नीट चालेपर्यंत जुनं कुणाला देऊच नका. काहीतरी राहिलेलं असतंच, आणि ते तेव्हाच आठवतं.